धावपळ आणि धावणं

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘बाई आणि रस्ता’ या सत्रात केलेलं भाषण)



कालपासून आपण या शिबिरात रेशनवर बोललो, पोटगीच्या रखडलेल्या केसेसवर बोललो, पोलीस चौकीत तक्रार लिहून घ्यायला किती खेटे घालावे लागतात त्यावर बोललो. आणि आज सकाळी मी उभी आहे ती एका धावण्याच्या शर्यतीबद्दल बोलायला. कार्यक्रमपत्रिका हातात पडल्यावर आपल्यातल्याच एकीने मला विचारलं, “अगं, हे चैनीचं खूळ आपल्या शिबिरात कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही, म्हणून ही पंधरा-वीस मिनिटं मागून घेतली आहेत.

रस्ता आपल्या चळवळीला नवा नाही. महागाईविरोधात मुंबईच्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या ते १९७० च्या दशकात. मथुरा प्रकरणातल्या निकालाविरुद्ध ८ मार्च १९८० ला बायकांनी मोर्चे काढले. आणि त्याच्या कितीतरी आधी, १८४८ पासून, सावित्रीबाई फुले पुण्याच्या रस्त्याने शाळेत शिकवायला जात होत्या, अंगावर शेण-चिखल झेलत जात होत्या. म्हणजे रस्त्यावर आपण आलो, लढून आलो. पण दर वेळी काहीतरी कामासाठी आलो. शाळेसाठी, मजुरीसाठी, पाण्यासाठी, मोर्चासाठी. कामाशिवाय, फक्त स्वतःसाठी बाई रस्त्यावर आली तर काय होतं? ते मला धावायला लागल्यावर कळलं.

आपल्या भाषेकडेच बघा. ‘बाईची दिवसभर धावपळ चालते’ असं आपण सहज म्हणतो, कौतुकानेही म्हणतो. नळाला पाणी आलं की ती धावते, एसटी सुटते म्हणून धावते, मूल रडलं की धावते. ही धावपळ कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. पण तीच बाई नुसती धावली, कुणासाठी नाही, कशासाठी नाही, तर सगळ्या आळीच्या डोळ्यांत खुपते. आणि ‘पळाली’ म्हटलं तर विचारायलाच नको! मुलगा पळाला तर तो शर्यतीत पळाला. मुलगी पळाली म्हणजे कुणाचा तरी हात धरून पळाली.

आमचं धावणं सुरू झालं ते काही खेळाच्या हौसेने नाही. सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मी समुपदेशन केंद्राचं आणि बचत गटांचं काम करते. गटात आरोग्य तपासणी घेतली. बहुतेकींच्या अंगात रक्त कमी. यात नवल काहीच नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाज्या-शेंगदाणे-गूळ खा म्हणून सांगितलं आणि म्हणाल्या, “गोळ्यांनी रक्त वाढेल. पण तुमची पाठ, गुडघे आणि झोप यांसाठी रोज अर्धा तास मोकळ्या हवेत चाला. एकट्या चाला, डोक्यावर काही न घेता.” ‘डोक्यावर काही न घेता’ यावर सगळ्या हसल्या होत्या.

सहाजणींनी चालायला सुरुवात केली. एक अंगणवाडी सेविका, दोघी घरकाम करणाऱ्या, एक शिवणकाम करणारी, एक दवाखान्यात नर्स आणि मी. महिनाभराने एक दिवस अंगणवाडीताई फाट्यापासून पुलापर्यंत धावत गेली. का, तर म्हणे वाटलं. मग आम्हीही गेलो. श्वास लागला, हसू आलं, आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो.

पहिल्या आठवड्यातच तीन वेगवेगळ्या माणसांनी गाडी थांबवून विचारलं, “काय झालं वहिनी? दवाखान्यात कोण आहे?” भली माणसं होती ती. बाई धावतेय म्हणजे घरात काहीतरी विपरीत घडलंय, एवढंच त्यांना माहीत. दुसऱ्या प्रकारची माणसंही भेटली. मोटारसायकल हळू करून बाजूबाजूने चालवायची, फोन काढून फोटो घ्यायचा, “मावशी, कुणाच्या मागं लागलीस?” म्हणायचं. त्यांच्यासाठी आम्ही नियम केला. तिघींपेक्षा कमी असलो तर निघायचं नाही, आणि एकीला कुणी बोललं की सगळ्यांनी जागीच थांबून त्याच्याकडे बघत राहायचं. सहा बाया गप्प उभ्या राहून बघायला लागल्या की गाडीचा वेग आपोआप वाढतो.

आता वेळेचा हिशोब सांगते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं त्या कामात जातात असं दिसलं. असं काम करणारे पुरुष मुळात थोडे, आणि जे करतात त्यांची ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे पाच तास, पुरुषाचा दीड. आमचा धावण्याचा अर्धा तास यातून कुठून यायचा? अंगणवाडीताई साडेचारऐवजी चारला उठायला लागली. नर्सताई रात्रपाळी करून आली की न झोपता निघायची. दोन महिन्यांनी हिशोब मांडला तेव्हा दिसलं की सहाहीजणींचा धावण्याचा वेळ स्वतःच्या झोपेतून आला होता. घरातल्या एकाही पुरुषाच्या वेळेतून एक मिनिट आलं नव्हतं. यावर गटात बोलणं झालं आणि ठरलं की पाणी भरणं आणि सकाळचा चहा, ही दोन कामं घरच्यांवर टाकायची. दोन घरांत ते जमलं. एकीचा मुलगा करतो, एकीचा नवरा करतो. बाकीच्या घरांत अजून जमलेलं नाही, हेही सांगून ठेवते.

मग बुटांचा प्रश्न. चपलांवर धावून टाचा दुखायला लागल्या. बरे बूट घ्यायचे तर घरकाम करणाऱ्या बाईचा एका घरचा महिन्याचा पगार पुरत नाही. तिने बचत गटाकडे कर्ज मागितलं आणि आमच्याच गटात दोन बैठका वाद झाला. शेळीला कर्ज देता येतं, शिलाई मशीनला देता येतं, मुलीच्या लग्नाला तर आपण डोळे मिटून देतो. बुटाला कसं द्यायचं? शेवटी द्यायचं ठरलं. पण कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? अध्यक्षबाई म्हणाल्या, “मुलांच्या शिक्षणासाठी असं लिहू, वर तपासणीत कोण विचारतंय?” ती म्हणाली, “नाही. बूट लिहा. माझे बूट.” आमच्या नोंदवहीत तसं लिहिलेलं आहे. बाईने स्वतःच्या शरीरासाठी घेतलेलं, दुखण्याखेरीजचं, ते आमच्या गटाचं पहिलं कर्ज.

आणखी एक गोष्ट, जी सभांमध्ये बोलली जात नाही. धावायचं तर पाणी प्यायला हवं, आणि पाणी प्यायलं की लघवीला जायला हवं. पुरुष कुठेही उभा राहतो. आम्ही काय करायचं? आम्ही पाणी न पिता धावायचो, आणि मग डोकं दुखायचं, लघवीला जळजळ व्हायची. बाजाराला जाणाऱ्या, एसटीने प्रवास करणाऱ्या, बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या सगळ्या बायका हेच करतात. पाळीच्या दिवसांत धावावं की नाही, यावरही बोललो. ज्यांना बरं वाटलं त्या धावल्या, ज्यांना दुखत होतं त्या थांबल्या. ‘त्या दिवसांत धावू नये’ असं जे ऐकलं होतं, त्याच दिवसांत हंडे उचलू नयेत असं मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं.

त्याच रस्त्यावर आम्हाला पहाटे दुसऱ्या मुली भेटायच्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या. भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, १०० मीटर धावावं लागतं, गोळा टाकावा लागतो. १९९४ च्या महिला धोरणाने शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण आलं, त्याचं हे रस्त्यावर दिसणारं फळ आहे. या मुलींना घरून परवानगी असते. वडील स्वतः गाडीवर मागे येतात, घड्याळ लावतात. बरंच वाटतं बघून. पण त्यातल्या एकीला मी विचारलं, “भरती झाल्यावर धावशील ना?” ती म्हणाली, “मग कशाला पळायचं?” आणि दुसरीचं नाव यादीत लागलं नाही, वय निघून गेलं, तेव्हा तिचं धावणं त्याच आठवड्यात बंद झालं. पगार आणणारं धावणं चालतं. म्हणजे तीही एक प्रकारची धावपळच. नुसतं धावणं त्या मुलींच्याही वाट्याला आलेलं नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती सांगते. आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला टपरीवर कुणीतरी म्हणालं, “तुझी बायको पळती म्हणं.” सगळे हसले. त्या रात्री त्याने तिचे बूट चुलीत घातले आणि तिच्यावर हात टाकला. दुसऱ्या दिवशी ती केंद्रात आली. आपण करतो ते सगळं केलं. दवाखान्यात नेलं, नोंद केली, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा समजावून सांगितला, तिच्या परवानगीने आम्ही दोघी घरी जाऊन त्याच्याशी बोललो. तिने तक्रार करायची नाही असं ठरवलं. ते तिने ठरवायचं होतं, आम्ही नाही. ती आज धावत नाही. केंद्रात येते, मशीनवर बसते, धावायला चला म्हटलं की मान हलवते.

चैनीचं खूळ का, या प्रश्नाला माझं उत्तर इथे आहे. ज्या गोष्टीपायी बाईला मार खावा लागतो, ती चैन नसते. रोज सकाळी अर्धा तास बाई कुठे आहे, हे कुणाच्या कामाशी जोडलेलं नाही, एवढ्या साध्या गोष्टीने एक घर हादरलं. तिच्या अर्ध्या तासाचा मालक कोण, हाच तो प्रश्न आहे.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही शर्यत २०१२ पासून होते. आपण सगळे तिला नुसतं मॅरेथॉन म्हणतो. खरी मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. ही अर्धी, एकवीस किलोमीटरची. सात-आठ महिन्यांच्या सरावानंतर, २०२३ साली, आम्ही त्यात उतरायचं ठरवलं. सहापैकी चौघी धावलो. एकीचं मघाशी सांगितलं. घरकाम करणाऱ्या दोघींपैकी एकीला सुट्टी मिळाली नाही, कारण शर्यत रविवारी आणि रविवारी मालकिणीकडे पाहुणे. सुट्टीच्या दिवशी धावण्यासाठी आधी सुट्टी असावी लागते, हे नावनोंदणीच्या अर्जावर कुठे लिहिलेलं नसतं.

शर्यत कशी होते ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पहाटेच साताऱ्यात हजारो माणसं जमतात. पोवई नाक्यावरून गावात, राजपथाने समर्थ मंदिर, पुढे बोगदा, आणि मग यवतेश्वरचा घाट. जाताना सगळा चढ, येताना उतार. पावसाळ्याचे दिवस, भुरभुर चालू, रस्ता ओला, घाटात धुकं. चढावर बरीच माणसं चालतात, आम्हीही मध्ये मध्ये चाललो. आमचा एकच नियम होता, शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचं. धाप लागून बोलणं बंद झालं की वेग कमी करायचा. एका वळणावर धुकं बाजूला झालं आणि खाली सगळं सातारा आणि समोर अजिंक्यतारा दिसला. अंगणवाडीताई म्हणाली, “चाळीस वर्षं या जिल्ह्यात राहिले, आज बघितला.” उतारावर मांड्या भरून येतात, गुडघ्यावर जोर येतो, तिथे खरी परीक्षा. आम्हाला पावणेतीन तास लागले. पहिले आलेले तोवर कपडे बदलून चहा पीत होते. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

मला वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दुतर्फा लोक उभे. शाळेची पोरं टाळ्या वाजवत होती, एक आजी ओट्यावर बसून येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणत होती, “पळ गं बाय, थांबू नगंस.” त्या पावणेतीन तासांत एकानेही विचारलं नाही की कुठे चाललीस, कुणासोबत आहेस, घरी स्वयंपाक कोण करतंय. रस्त्यावर गाड्या बंद, पोलीस आमच्या वाटेसाठी उभे, आणि छातीवर एक नंबर. त्या नंबराने सगळं बदललं. तेच पाय, तेच कपडे, तोच घाम. नंबर असला की बाई खेळाडू, आणि नंबर नसला की ‘कुणाच्या मागं लागलीस?’

हा नंबरही बायकांना सुखासुखी मिळालेला नाही. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. नऊजणी धावल्या, नऊहीजणींनी शर्यत पुरी केली. पण वर्तमानपत्रांनी छापलं की बायका कोसळल्या, त्यांच्या शरीराला हे झेपत नाही. त्यानंतर ती शर्यत बंद झाली ती १९६० पर्यंत, बत्तीस वर्षं! अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉबी गिब हिला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा १९६६ साली ती झुडपात लपून बसली आणि शर्यत सुरू झाल्यावर त्यात शिरून धावली. १९६७ साली कॅथरीन स्वित्झर हिने आद्याक्षरं लिहून नंबर मिळवला. ती बाई आहे हे कळताच शर्यतीचा एक अधिकारी रस्त्यातच तिचा नंबर ओढून काढायला धावला. तिने नंबर सोडला नाही, शर्यतही सोडली नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली. माझ्या आईच्या पिढीच्या बायका शाळेत असताना जगातल्या डॉक्टर-पंचांना वाटत होतं की लांब धावलं तर बाईचं गर्भाशय सांभाळलं जाणार नाही!

आपल्याकडची उदाहरणं लांब शोधायला नकोत. आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या, दुष्काळी मोही गावच्या ललिता बाबर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. १९८४ ला पी. टी. उषा अंतिम फेरीत धावल्या होत्या, त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. आणि बारामतीच्या लता करे. २०१३ साली साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतीत धावली आणि पहिली आली. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते, म्हणून धावली. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यांनी स्वतःच त्यात काम केलं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला विचारायचं आहे, साठी ओलांडलेल्या बाईला नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी अनवाणी धावावं लागलं, यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे? कौतुक तिच्या पायांचं करू. पण तिच्यावर ती वेळ आणणाऱ्या आरोग्यव्यवस्थेला जाबही विचारू.

हल्ली ८ मार्चला जागोजागी बायकांच्या दौडी होतात. गुलाबी टी-शर्ट, ढोल, सेल्फी, एखाद्या दुकानाची जाहिरात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. एका सकाळी का होईना, बायका रस्त्यावर येतात, घाम गाळतात, हसतात. पण दुसऱ्या दिवशी काय? शर्यतीनंतरच्या सोमवारी आम्ही नेहमीच्या वेळी आमच्या रस्त्यावर गेलो. पुलाजवळचे दिवे बंदच होते. मोटारसायकलवाला तोच होता. वर्षातून एक दिवस रस्ता आपल्याला दिला जातो, आणि तीनशे चौसष्ट दिवस तो मागावा लागतो. म्हणून माझं म्हणणं असं की, आपला हक्क शर्यतीच्या दिवशी मोजू नका, सरावाच्या दिवशी मोजा. नंबर नसताना, कुणी टाळ्या वाजवत नसताना, साध्या सलवार-कमीजमध्ये बाई रस्त्याने निवांत जाऊ शकते का, ते बघा.

मग करायचं काय? आम्ही जे केलं आणि करतो आहोत ते सांगते, त्यातलं पटेल ते घ्या.

पहिलं, दिव्यांचा अर्ज. पहाटे साडेचारला फिरून बंद असलेल्या प्रत्येक खांबाचा नंबर लिहून घेतला आणि सह्यांसह अर्ज दिला. ‘बायकांच्या सुरक्षेसाठी दिवे लावा’ असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. खांबांचे नंबर दिले की टाळता येत नाही. चौदापैकी नऊ दिवे लागले. पाचांसाठी स्मरणपत्र दिलं आहे.

दुसरं, शाळेचं मैदान. पहाटे पाच ते सात मैदान बायकांसाठी उघडं ठेवा, असा ठराव ग्रामसभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीत मांडता येतो. समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात, तिथे आपल्याच बाया बसतात.

तिसरं, मुताऱ्या. बाजार, एसटी स्टँड आणि रस्ता, तिन्हीकडच्या बायकांनी मिळून मागणी केली तर ती ‘धावणाऱ्या चार बायकांची’ राहत नाही.

चौथं, घर. परवानगी मागायची नाही, कामाची वाटणी मागायची. परवानगी देणारा ती काढूनही घेतो. पाणी भरायला लागलेला माणूस निदान पाणी भरतो.

आणि पाचवं, आपल्या गटांच्या नोंदवह्या. बाईने स्वतःच्या शरीरासाठी, विश्रांतीसाठी, आनंदासाठी पैसे मागितले तर कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहा. आपल्याच वहीत आपण लपवाछपवी करायला लागलो तर बाहेर कुणापुढे काय मागणार?

सगळ्यांनी धावलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला आवडत नाही. कुणी पुलावर जाऊन नुसती उभी राहील, कुणी नदीकाठी बसेल, कुणी सायकल शिकेल. पण रोजच्या चोवीस तासांतला एक तुकडा असा असू द्या की ज्याचा जमाखर्च कुणाला द्यावा लागणार नाही. आणि तो तुकडा एकटीने मागू नका, गटाने मागा. आमची जी मैत्रीण आज येत नाही, ती कधी यायचं ठरवेल ते तिच्या हातात आहे. ती येईल तेव्हा रस्त्यावर दिवा असावा आणि सोबतीला पाचजणी असाव्यात, हे मात्र आपल्या हातात आहे.

संध्याकाळच्या गटचर्चेत प्रत्येक गावाने आपापल्या रस्त्याबद्दल बोलावं. किती दिवे, किती मुताऱ्या, कोणतं मैदान, कोणाच्या नावाने अर्ज. कागद-पेन घेऊन बसू या.